'छोटा झटका' म्हणजे नेमका कोणता?

गटाच्या बैठकीला बसलेल्या, शेतात मोबाइलवर रेडिओ लावून खुरपणाऱ्या, आणि चुलीपुढून कान इकडे ठेवलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

आजचा विषय मेंदूच्या झटक्याचा आहे. आपल्याकडे कुणी त्याला लकवा म्हणतं, कुणी अर्धांग, कुणी पॅरालिसिस. जुन्या बाया म्हणतात, अंगावरून वारं गेलं. मोठा झटका आला की सगळ्या गावाला कळतं. माणूस आडवा होतो, गाडी बोलावली जाते, धावपळ होते. पण मला आज बोलायचंय ते छोट्या झटक्याबद्दल. "डॉक्टर म्हणाले, छोटा अ‍ॅटॅक आहे," एवढं सांगून माणसं दवाखान्यातून घरी येतात, फाइल कपाटावर जाते, आणि महिन्याभरात गोळ्याही बंद होतात. छोटाच होता ना!

मी डॉक्टर नाही, बचत गटांची समन्वयक आहे. पण इंग्रजी वाचता येतं म्हणून बाया कर्जाच्या कागदांबरोबर एमआरआयचे रिपोर्टही माझ्यापुढे ठेवतात. त्या रिपोर्टांवर काही शब्द सारखे सारखे येतात. त्या शब्दांचा अर्थ मी समजून घेतला, तो आज सांगते. औषध कोणतं आणि किती, ते डॉक्टरच ठरवणार. पण आपल्या माणसाला झालंय काय, हे विचारायलासुद्धा शब्द लागतात. तेवढे शब्द आज आपण वहीत घेऊ.

आधी मेंदूला रक्त कसं मिळतं ते बघू. मोठ्या माणसाचा मेंदू सव्वा ते दीड किलोच्या आत भरतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा ५० किलोत एक किलो एवढाच. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. हा प्राणवायू रक्तातून येतो आणि मेंदूत त्याचा साठा होत नाही. पुरवठा थांबला की काही मिनिटांत तिथल्या पेशी मरायला लागतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या शेतात ठिबक आहे, त्यांना पुढचं लगेच समजेल. मेन पाइप असतो, त्यातून सबमेन निघतो, मग लॅटरल, आणि शेवटी ड्रिपर. मेंदूचंही असंच आहे. मानेतून चार मोठ्या रक्तवाहिन्या वर जातात, दोन पुढून, दोन मागून. त्यांना फांद्या फुटतात. आणि काही ठिकाणी या जाड वाहिन्यांतूनच एकदम केसासारख्या बारीक वाहिन्या निघून मेंदूच्या खोल भागात शिरतात. जाड पाइपाचा सगळा दाब या बारीक वाहिन्यांना थेट सोसावा लागतो. रक्तदाब वाढलेला राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात आणि आतली वाट अरुंद होत जाते. दुसरी अडचण अशी की यांना शेजारून मदत नाही. एक बुजली की तिच्यावर अवलंबून असलेला तुकडा कोरडाच राहतो.

मेन पाइप फुटला तर शेत ओरडून सांगतं. ड्रिपर चोकअप झाले तर कुणाला कळत नाही. चार झाडं सुकली की मग आपण नळी उचलून बघतो. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार हा असा आहे.

आता झटक्यांचे प्रकार. पहिली वाटणी अगदी सोपी आहे. वाहिनी बुजली की फुटली? बुजली तर त्याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात, फुटली तर हॅमरेज. बुजण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. पण बाहेरून बघून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं दोन्हीत होतं, हात दोन्हीत पडतो. फरक फक्त सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये कळतो. म्हणून एक गोष्ट आताच लिहून ठेवा. झटक्याची शंका आली तर घरच्या घरी रक्त पातळ करायची गोळी द्यायची नाही. वाहिनी फुटली असेल तर त्या गोळीनं रक्तस्राव वाढू शकतो. हृदयाच्या झटक्यात शेजाऱ्यानं ती गोळी दिली होती म्हणून मेंदूच्या झटक्यातही चालेल, असं नाही.

दुसरी वाटणी बुजलेल्या झटक्यांची. १९९३ साली अमेरिकेत एका औषधाच्या चाचणीसाठी डॉक्टरांनी कारणांप्रमाणे पाच कप्पे पाडले. ते आजही जगभर वापरतात. त्या वाटणीला 'टोस्ट' म्हणतात. आपण कॅशबुकात खर्च खात्यांप्रमाणे लिहितो, तसंच हे.

पहिला कप्पा, मानेतली किंवा मेंदूतली मोठी वाहिनी चरबीच्या थरानं अरुंद झाली. दुसरा, हृदयात रक्ताची गुठळी झाली आणि ती वाहत वर गेली. ठोके अनियमित असले तर असं होतं. लहानपणी घसा आणि सांधे दुखून आलेल्या तापानं ज्यांच्या हृदयाची झडप खराब झालीय, अशा तरुण बायांनाही हा धोका असतो. तिसरा कप्पा, बारीक वाहिनी बुजली. बुजलेल्या झटक्यांत याचा वाटा साधारण चौथा-पाचवा. चौथा कप्पा म्हणजे दुसरं काही नक्की कारण. गडचिरोली, नंदुरबारकडच्या कित्येक घरांत असलेला सिकलसेल याच कप्प्यात येतो. आणि पाचवा, कारण सापडलं नाही किंवा एकाच वेळी दोन कारणं सापडली.

एवढे कप्पे कशाला, असं वाटेल. पण प्रत्येक कप्प्याची पुढची वाट वेगळी आहे. मानेतली वाहिनी फार अरुंद असेल तर ऑपरेशनचा विचार करतात. गुठळी हृदयातून आली असेल तर रक्त पातळ करायचं औषध वेगळ्या जातीचं लागतं. बारीक वाहिनीचा झटका असेल तर सगळ्यात मोठं काम रक्तदाब ताब्यात ठेवायचं. म्हणून "लकवा होऊन गेला" एवढ्यावर थांबायचं नाही. कोणत्या कप्प्यातला, हे विचारायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. 'छोटा झटका' म्हणजे कोणता? मैत्रिणींनो, या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि घोळ तिथेच होतो.

पहिला अर्थ, वेळेनं छोटा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, शब्द फुटेना, आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत झालं. बहुतेक वेळा हे तासाभराच्या आत जातं. याला टीआयए म्हणतात. पूर्वी नियम असा होता की २४ तासांच्या आत लक्षणं गेली तर टीआयए. आता डॉक्टर फक्त घड्याळावर जात नाहीत. लक्षणं गेली तरी एमआरआयमध्ये मेंदूला इजा दिसली, तर तो स्ट्रोकच धरतात. आणि इजा दिसली नाही तरी तो इशारा आहे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, असा येऊन गेलेला झटका ज्यांना झाला, त्यांच्यातल्या साधारण दहातल्या एकाला पुढच्या तीन महिन्यांत खरा स्ट्रोक आला. त्यातला निम्मा धोका पहिल्या दोन दिवसांतच होता. म्हणजे "आता बरी आहे, सोमवारी जाऊ" हे चालणार नाही. बरं वाटतंय त्याच दिवशी जायचं.

दुसरा अर्थ, लक्षणांनी छोटा. दवाखान्यात हात-पाय उचलायला सांगतात, बोलायला लावतात, नजर बघतात आणि प्रत्येक गोष्टीला गुण देतात. शून्य ते ४२. इथे जास्त गुण म्हणजे जास्त नुकसान. ३ किंवा कमी गुण आले तर बहुतेक ठिकाणी मायनर स्ट्रोक म्हणतात. पण हे मोजमाप रुग्णालयाचं आहे. उजव्या हाताची बोटं नीट वळत नाहीत, त्याला एखादाच गुण पडेल. ज्या बाईची रोजी कापूस वेचण्यावर किंवा शिलाई मशीनवर चालते, तिच्यासाठी तो झटका छोटा कसा? तिला हाताच्या व्यायामाची, फिजिओथेरपीची गरज आहे, आणि ती मागायला लाजायचं कारण नाही.

तिसरा अर्थ, वाहिनीनं छोटा. म्हणजे आपण पाहिला तो बारीक वाहिनीचा झटका. रिपोर्टवर याला 'लॅक्युनर इन्फार्क्ट' लिहितात. लॅक्युन हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ रिकामी जागा, खळगा. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या डॉक्टरांना मृत माणसांच्या मेंदूत असे लहान खळगे दिसले, तेव्हा हे नाव पडलं. पण त्या खळग्यांमुळे माणसाला जिवंतपणी काय होतं, हे नीट जुळवलं ते बोस्टनमधल्या मिलर फिशर या डॉक्टरांनी, १९६५ च्या आसपास. त्यांनी दाखवून दिलं की खळगा कुठे आहे त्याप्रमाणे लक्षणांचे ठरावीक नमुने पडतात.

ते नमुने आपल्या भाषेत सांगते. एक, चेहरा, हात आणि पाय एका बाजूला कमजोर, पण बोललेलं सगळं समजतंय. दोन, ताकद आहे, पण अर्धं अंग बधिर. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. तीन, जीभ जड आणि हात बेंगरूळ. भाकरी थापताना एकीकडे जाड राहते, टिकली जागेवर बसत नाही. चार, एका बाजूची कमजोरी आणि त्याच बाजूचा तोल जाणं. पाच, कमजोरी आणि बधिरपणा दोन्ही एकत्र.

एवढ्याशा खळग्यानं अर्धं अंग कसं जातं? गावातली डीपी आठवा. पेटी केवढी, पण सगळ्या वस्तीच्या तारा तिच्यातून जातात. मेंदूच्या खोल भागात चेहऱ्याच्या, हाताच्या, पायाच्या सगळ्या तारा अशाच एका अरुंद जागेतून जातात. खळगा तिथे पडला तर वस्तीच अंधारात. आणि खळगा बाजूला पडला तर काहीच जाणवत नाही. असे न जाणवलेले झटके जाणवलेल्या झटक्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय काढला की ते दिसतात.

आता रिपोर्टवरचे बाकीचे शब्द. पूर्वी हेच दोष वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी लिहायचे, जसं एकाच धान्याला कुठे ज्वारी म्हणतात, कुठे जोंधळा. २०१३ साली बऱ्याच देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून नावं आणि मापं ठरवली. २०२३ मध्ये ती सुधारली. त्यातले चार शब्द आपल्याला पुरे आहेत.

'लॅक्युन' म्हणजे जुना खळगा, ३ ते १५ मिलिमीटरचा. तिळापासून शेंगदाण्यापर्यंत समजा.

'व्हाइट मॅटर चेंजेस' किंवा 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' म्हणजे मेंदूच्या आतल्या तारांच्या भागात दिसणारे पांढरे डाग. यांना 'फझेकास' नावाची श्रेणी देतात, शून्य ते ३. पहिली म्हणजे सुटे ठिपके, दुसरी म्हणजे ठिपके एकमेकांना मिळायला लागले, तिसरी म्हणजे मोठे पट्टे झाले. वय झालेल्या माणसात पहिली श्रेणी बऱ्याचदा दिसते. ती वाचून घाबरू नका, पण रक्तदाब मोजा. दुसरी-तिसरी असेल तर फाइल कपाटावर ठेवायची नाही.

'मायक्रोब्लीड' म्हणजे बारीक वाहिनीतून रक्त झिरपल्याची खूण, टाचणीच्या डोक्याएवढी किंवा जरा मोठी. ती विशेष प्रकारच्या एमआरआयमध्येच दिसते. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर ही खूण डॉक्टरांना मुद्दाम दाखवायची. लक्षात घ्या, ज्या आजारानं बारीक वाहिन्या बुजतात, त्याच आजारानं त्या फुटतातही.

'अ‍ॅट्रॉफी' म्हणजे मेंदू थोडा आक्रसला. वयानंही होतं. बाकीचे डाग किती आहेत, ते बघून डॉक्टर त्याचं वजन ठरवतात.

आता एका गटाची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. त्या गटाच्या कोषाध्यक्ष ताई वयानं पन्नाशीच्या पुढच्या. नऊ वर्षं हिशेब त्यांच्याकडे, एक रुपया कधी इकडे-तिकडे नाही. मग सलग तीन महिने हिशेब जुळेना. एकदा साडेतीन हजार कमी, एकदा एकच हप्ता दोनदा लिहिलेला. बैठकीत ताई गप्प बसायच्या, विचारलं की चिडायच्या. कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, मुलाच्या लग्नात खर्चले असतील. पद काढून घ्यायचा ठराव लिहायला घेतला होता. त्याच बैठकीत एका सुनेनं विचारलं, "आत्या हल्ली पाय घासत का चालतात?" तिथून बोलणं वळलं. ताईंच्या मुलीनं सांगितलं की दिवाळीत आईचं तोंड वीसेक मिनिटं वाकडं झालं होतं, कांदा हुंगायला दिला, बरं वाटलं, म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नाही. रात्री लघवीला घाई होते, कधी कपड्यातच होते, म्हणून आई लग्नकार्याला जायची बंद झाली.

दवाखान्यात रक्तदाब निघाला १९० वर ११०. एमआरआयमध्ये चार जुने खळगे आणि फझेकास दोन. साडेतीन हजार रुपये ताईंच्याच ट्रंकेत, दुसऱ्या पिशवीत सापडले. त्यांनी चोरले नव्हते. ते मोजून, ओळीनं लिहून, जागेवर ठेवायचं काम त्यांच्या मेंदूला जड झालं होतं.

हे नीट ऐका, कारण हा आजार इथेच ओळखू येतो. त्यात सुरुवातीला विसरण्यापेक्षा मंदावणं जास्त असतं. जुन्या गोष्टी, नातवंडांची नावं सगळं आठवतं. पण दोन कामं एकदम जमत नाहीत, हिशेबात गोंधळ होतो, काम सुरू करायला उत्साह राहत नाही. पावलं आखूड पडतात, पाय घासतात. लघवी आवरत नाही. मन उदास होतं, किंवा चिडचिड वाढते. यातली एकेक गोष्ट वयानं किंवा दुसऱ्या कारणानंही होते. पण तीन-चार एकत्र आल्या, आणि रक्तदाब किंवा साखर आहे, तर तपासून घ्यायचं. आपल्याकडे अशा बाईला आळशी म्हणतात, नाटकी म्हणतात. म्हाताऱ्या सासूचा स्वभावच बिघडला, म्हणतात. कॅशबुकात 'किरकोळ खर्च' नावाचं खातं असतं. दहा-वीस रुपयांच्या त्या नोंदींकडे कुणी बघत नाही, आणि वर्षाअखेरी बेरीज केली की डोळे उघडतात. छोट्या झटक्यांचंही तसंच आहे. एकेक किरकोळ, बेरीज मोठी.

ताईंचा रक्तदाब आता गोळ्यांनी ताब्यात आहे. गेलेलं सगळं परत आलं नाही, खळगे भरून येत नाहीत. पण आणखी पडू नयेत यासाठी उपाय चालू आहेत. पैसे आता दोघी मिळून मोजतात, ताई आणि एक तरुण सभासद. ठरावाचा तो कागद अर्धाच राहिला.

आता करायचं काय? आधी अचानक झटका आला तर. चेहरा एका बाजूला ओघळला का, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली येतो का, बोलणं अडखळतंय का, हे तीन बघा. एकदम तोल गेला किंवा नजर गेली तरी तोच संशय घ्या. यातलं एक जरी दिसलं तरी आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. झोपेतून उठल्यावर दिसलं तर शेवटी ठीक कधी पाहिलं होतं, ती वेळ लिहा. मग १०८. वाहिनी बुजली असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून आपल्या भागात चोवीस तास सीटी स्कॅन कुठे चालू असतो, हे आजच विचारून गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. पाणी, चहा, गोळी काही तोंडात घालायचं नाही. गिळता आलं नाही तर ते छातीत जातं. कांदा हुंगवणं, कबुतराच्या रक्ताची मालिश, यात जाणारा वेळ मेंदूचा असतो.

आणि रोजचं काय? पहिलं, रक्तदाब. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे वारंवार येत असेल तर तो वाढलेला आहे. डोकं दुखत नाही म्हणून रक्तदाब नाही, असं समजू नका. त्याची बहुतेक वेळा काहीच जाणीव होत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची तपासणी आपल्या आरोग्य उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. आणि आकडा बरोबर आला म्हणून गोळी बंद करायची नाही. ठिबकचा फिल्टर लावल्यावर पाणी स्वच्छ आलं म्हणून आपण फिल्टर काढून ठेवतो का?

दुसरं, मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलोच्या आत. त्यात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण सगळं आलं. आपल्या घरी पुडा किती दिवसांत संपतो, ते या महिन्यात बघा.

तिसरं, तंबाखू. बाया म्हणतात, आम्ही कुठे तंबाखू खातो, आम्ही फक्त मिसरी लावतो. मिसरी ही भाजलेली तंबाखूच. तिनं दातांबरोबर रक्तवाहिन्याही घासल्या जातात. चौथं, साखरेची तपासणी. पाचवं, रोज अर्धा तास भरभर चालणं, आणि चुलीचा धूर जेवढा कमी करता येईल तेवढा.

एक इशाराही देते. दोन गोळ्या घेतल्या तर दुप्पट फायदा, असं नसतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, बारीक वाहिनीच्या झटक्यांवरच्या एका चाचणीत तीन हजारांवर रुग्ण होते. त्यात रक्त पातळ करायच्या एका गोळीला दुसरीची जोड वर्षानुवर्षं दिली, तर पुन्हा येणारे झटके म्हणावे तसे कमी झाले नाहीत, उलट रक्तस्राव आणि मृत्यू वाढले. सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरत्या दोन गोळ्या डॉक्टर देतात. त्यातली एक कधी थांबवायची, ती तारीख विचारून घ्या. आणि शेजारणीच्या गोळ्या आपल्या नाहीत, हे तर पक्कं.

आता वहीत पाच प्रश्न लिहा. डॉक्टरांकडे जाताना हे पान बरोबर न्या. एक, वाहिनी बुजली की फुटली? दोन, छोटा म्हणताय तो वेळेनं, लक्षणांनी की वाहिनीनं? तीन, कारण कोणत्या कप्प्यातलं, आणि त्यासाठी हृदयाची, मानेतल्या वाहिन्यांची तपासणी झाली का? चार, रक्तदाब किती आकड्याच्या आत ठेवायचा? पाच, कोणती गोळी किती दिवस? डॉक्टरांची घाई असेल तर नर्सबाईंना विचारा, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना विचारा. पण उत्तर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

आणि गटांसाठी एक सुचवते. रक्तदाबाचं साधं यंत्र साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतं. दहा-बारा जणींनी मिळून घेतलं तर कुणालाच जड नाही. मासिक बैठकीत बचत भरायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, मग एकेकीचा रक्तदाब मोजायचा. आकडा ज्याच्या-त्याच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहायचा, मोठ्यानं वाचायचा नाही. ज्यांचा जास्त येतो त्यांना आशाताईंबरोबर उपकेंद्रात पाठवायचं. पुढच्या बैठकीत ती गेली का, एवढंच विचारायचं. कर्जाचा हप्ता आपण असाच विचारतो ना!

आपल्या सासूबाई, आई, आत्या, शेजारच्या काकू, आणि आपण स्वतः. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या एका मोठ्या माणसालाही बरोबर आणा, त्यांचाही रक्तदाब मोजू. कपाटावर एखादी फाइल पडली असेल तर ती खाली काढा, धूळ झटका, आणि आज ऐकलेले शब्द तिच्यात आहेत का, बघा.

येते मैत्रिणींनो. काळजी घ्या. नमस्कार.